‘हौस’ म्हणालात म्हणून

‘एक हितचिंतक’ यांस,

जिओजेब्रा (पडद्यावर गणिताच्या आकृत्या काढायचं साधन) आणि गूगल फॉर्म्स (ऑनलाइन प्रश्नावली) मी कसे शिकले, यावर मागच्या आठवड्यात लिहिलं होतं. त्याखाली तुमची प्रतिक्रिया आली. ज्यांच्या नजरेतून ती सुटली असेल त्यांच्यासाठी इथे उतरवते: “बाई, लेख वाचला. ही सगळी शिक्षकाची हौस, मुलांच्या पदरात काय पडतं? या वयात नवनवी साधनं शिकण्यात जेवढा वेळ घालवता तेवढा वह्या तपासण्यात घातलात तर वर्गाचं भलं होईल. तुमचा फॉर्म बरोबर उत्तरालाही शून्य देतो, हे तुम्हीच लिहिलंय. आज शिकलेलं साधन उद्या बंद पडतं. पॅडलेट पूर्ण मोफत नाही, नीट माहिती घेऊन लिहीत जा. आणि ज्यांच्या घरी फोन नाही त्या मुलांनी काय करायचं? राग नसावा.”

राग नाही. तीन दिवस थांबून लिहितेय, यावरून काय ते समजा.

आधी माझी चूक. पॅडलेट म्हणजे वर्गानं मिळून टिपणं चिकटवायचा ऑनलाइन फलक. त्यावर फुकट खात्यात मोजकेच फलक करता येतात, आणखी हवे असतील तर पैसे भरावे लागतात. मी ‘पूर्णपणे मोफत’ लिहिलं, ते चुकलं. माझं काम त्या मोजक्यांत भागतं, त्यामुळे मर्यादा कधी आडवी आली नाही आणि मी तपासलंही नाही. हे तुम्ही दाखवून दिलंत, आभार. ‘नीट माहिती घेऊन लिहीत जा’ हे जोडलं नसतंत तर आभार जरा मोकळ्या मनानं मानले असते.

आता ‘हौस’.

हौस कशाला म्हणतात ते मला ठाऊक आहे. मी बागकाम करते, ती हौस. साधनं शिकणं ही हौस असती तर पहिल्या महिन्यातच सोडून दिली असती, कारण त्यात मजा अशी काही नव्हती. माझा हात पहिल्यांदा माउसवर पडला तेव्हा मी तिशी ओलांडली होती. भाचा शेजारी बसून शिकवायचा आणि मी दोनशे पानी वहीत एकेक पायरी लिहून घ्यायचे: ‘उजवी कळ दाबणे. तिसऱ्या ओळीवर जाणे. घाबरू नये.’ ती वही अजून आहे. प्रोजेक्टरची वायर उलटी लावून भरल्या वर्गासमोर दहा मिनिटं निळा पडदा दाखवलाय मी. शिक्षकखोलीत ‘लॅपटॉपवाल्या बाई’ हे नाव कौतुकानं पडलं नव्हतं. शाळा सुटल्यावर थांबून, घरचं सगळं आवरल्यावर जागून हे शिकले. आणि ‘या वयात’ म्हणजे कोणत्या, तेही सांगून टाकते: एक्कावन्न. तुमचं किती? तुम्ही तर नावही दिलेलं नाही.

बरं, हौस मुळातच वाईट असं धरलं तर मग यादी मोठी होईल. मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ साली साल्झबर्ग विद्यापीठात शिकत असताना प्रबंधाचं काम म्हणून जिओजेब्रा सुरू केलं. भूमिती आणि बीजगणित एकाच पडद्यावर, म्हणून ते नाव. विज्ञानाच्या प्रयोगांसाठी जगभरचे शिक्षक जे ‘फेट’ वापरतात ते कार्ल वीमन यांनी २००२ साली कोलोराडो विद्यापीठात उभं केलं, भौतिकशास्त्राचं नोबेल मिळाल्याच्या दुसऱ्याच वर्षी. वह्या तपासायच्या सोडून हे काय करत बसलात, असं त्यांनाही कळवा.

‘मुलांच्या पदरात काय पडतं’ हे विचारलंत ना? मग ऐका, जरा लांबेल.

चौरस. फळ्यावर चौरस मी चौदा वर्षं शिकवला. माझा हात चांगला आहे, नुसत्या खडूनं काढलेला चौरसही चौरसच दिसतो. चौदा वर्षांत एकाही मुलानं विचारलं नाही की बाई, यात कंपासचं काय काम. का विचारेल? डोळ्याला चार बाजू सारख्या दिसतात, विषय संपला. मग आठवीच्या वर्गाला संगणक कक्षात नेलं, एका यंत्रावर दोघं, आणि जिओजेब्रात चौरस काढायला सांगितला. मुलांनी चार बिंदू टाकले, रेषाखंड जोडले, बिंदू इकडेतिकडे सरकवत चारही कोन ९० अंश दाखवेपर्यंत नेटानं जुळवलं. सुरेख चौरस झाले. म्हटलं, आता एक कोपरा धरून ओढा. सगळ्या वर्गाचे चौरस मोडले! कुणाचा पतंग झाला, कुणाचं नुसतंच वाकडंतिकडं काहीतरी. एका जोडीचा मात्र ओढला की लहान-मोठा होई, फिरे, पण चौरसच राही. त्यातल्या मुलीला विचारलं, तुझा का नाही मोडला? ती म्हणाली, “मी लंब काढला बाई, आणि बाजू वर्तुळानं मोजली.” जुळवलेली आकृती आणि रचलेली आकृती यांतला फरक तिनं एका वाक्यात सांगितला. मला तो खडूनं दाखवता येत नव्हता, कारण फळ्यावरचा कोपरा धरून ओढता येत नाही. बस, एवढंच म्हणणं आहे माझं. खडू वाईट असं मी कुठे लिहिलंय, ते शोधून दाखवा.

आणि फजितीच हवी असेल तर तीही आहे, मूळ लेखात नव्हती. त्याच वर्गात पुढच्या आठवड्यात त्रिकोण घेतला. कोन पूर्णांकांत दिसावेत अशी मांडणी मीच केली होती, नीटनेटकं दिसावं म्हणून. एका मुलानं हात वर केला: “बाई, माझी बेरीज १८१ येतेय.” पडद्यावर ६१, ६१ आणि ५९. मला सुचेना. उद्या सांगते म्हटलं आणि रात्री बसले. खरे कोन ६०.६, ६०.६ आणि ५८.८ होते, बेरीज नेमकी १८०, पण दाखवताना प्रत्येक कोन वरच्या पूर्णांकाला गेला. दुसऱ्या दिवशीचा तास आसन्न किमतीवर, म्हणजे जवळच्या पूर्णांकात लिहिण्यावर गेला आणि मुलं भांडल्यासारखी बोलत होती. वेळ वाया गेला म्हणाल कदाचित. म्हणा.

वह्यांचं बोलू. वह्या मी तपासते. किती तपासते हे तुम्हाला इथून कसं दिसलं, हे मात्र कोडंच आहे. फॉर्म्समध्ये चाचणीची सोय २०१६ साली आली, तेव्हापासून ती वह्यांच्या जोडीला वापरते. ‘अ अधिक ब’ या कंसाचा वर्ग किती, असा प्रश्न पर्यायांसह टाकला होता. ४१ पैकी २७ जणांनी ‘अ वर्ग अधिक ब वर्ग’ निवडलं, मधलं ‘दोन अब’ विसरून. वहीत हीच चूक मी लाल शाईनं २७ वेळा दुरुस्त केली असती, सतराव्या वहीला मुलांवर चिडले असते, आणि चूक त्यांची नसून माझ्या शिकवण्याची आहे हे बहुधा कळलंच नसतं. फॉर्मनं काढलेल्या उत्तरांच्या आलेखात एका पट्टीच्या उंचीवरून ते दोन मिनिटांत कळलं. दुसऱ्या दिवशी चौरसाचे चार तुकडे करून परत शिकवलं.

राहिलं ते शून्याचं. लघुउत्तरात फॉर्म अक्षराला अक्षर जुळवतो. मी इंग्रजी आकड्यांत बारा लिहिलं होतं, मुलांनी कुणी मराठीत १२ लिहिलं, कुणी ‘१२ सेमी’. सगळ्यांना शून्य. चूक माझी, कारण मान्य उत्तरं एकापेक्षा जास्त देता येतात हे मला माहीत नव्हतं. दुसऱ्या कुणाची अशी गत होऊ नये म्हणून मी ती फजिती लिहिली. तुम्ही तीच उचलून मला फेकून मारलीत. याला हितचिंतन म्हणतात का, ते वाचकच ठरवतील.

साधनं बंद पडतात, खरं आहे. ब्राउझरमध्ये हलती चित्रं चालवणारं फ्लॅश २०२० अखेर गेलं, गूगलचा ऑनलाइन फळा जॅमबोर्ड २०२४ अखेर. माझीही तीन वर्षांची टिपणं एका बंद पडलेल्या संकेतस्थळाबरोबर गेली. गेली तर गेली. पाठ्यपुस्तकंही बदलतात, तेव्हा कुणी शिकवायचं थांबत नाही.

घरी फोन नसलेल्या मुलांचा प्रश्न मोठा आहे, त्यावर कधीतरी स्वतंत्र लिहीन. इतक्या गंभीर गोष्टीला प्रतिक्रियेच्या शेपटाला एका ओळीत बांधू नये असं मला वाटतं. हौसेवर मात्र तुम्ही पहिल्याच वाक्यात आलात.

पॅडलेटबद्दलचं वाक्य मूळ लेखात दुरुस्त केलं आहे. चूक दाखवणाऱ्याचं नाव तिथे घालायची माझी पद्धत आहे, पण ते तुम्ही दिलेलं नाहीत, म्हणून तूर्त ‘एका वाचकाने कळवले’ एवढंच ठेवलंय. ‘हितचिंतक’ लिहायला हात धजला नाही.