अकरा पावलं आणि एक टीबी

माझा कंप्युटर एका खोलीत, बायकोचा लॅपटॉप दुसऱ्या खोलीत. मध्ये अकरा पावलं. चार दिवस ती इतक्या वेळा तुडवली, की मोजायची वेगळी गरज पडली नाही. माझा कंप्युटर विंडोजवाला, तिचा लॅपटॉप मॅक. सहलीचा ५.२ जीबीचा एक व्हिडिओ माझ्याकडून तिच्याकडे न्यायचा, तिने त्याची काटछाट करायची आणि तो परत माझ्याकडे आणायचा. काम एवढंच.

"इंटरनेटवरून पाठव की," मुलगी म्हणाली. शेजारच्या खोलीतल्या माणसाला वस्तू द्यायची, तर ती आधी आभाळात चढवायची आणि मग तिकडून उतरवून घ्यायची, हे मला काही पटेना. तरी चढवून पाहिली. नऊ तास लागतील असं दिसलं आणि पटण्या-न पटण्याचा प्रश्नच मिटला.

खण उघडला. सात पेनड्राइव्ह निघाले. एकाला टोपण नव्हतं. एक सुटं टोपणही होतं, पण ते त्याचं नव्हतं. एक २५६ एमबीचा, ज्याला दोरी ओवून मी एके काळी गळ्यात घालून मिरवलो होतो. एकावर माझ्याच अक्षरात 'महत्त्वाचे' अशी चिठ्ठी. आत १ केबीचा एक शॉर्टकट तेवढा होता आणि तो बघताच अँटिव्हायरसने बोंब ठोकली. शेवटी १६ जीबीचा एक बरा निघाला.

१४ जीबी जागा मोकळी, फाइल ५.२ जीबीची. कंप्युटर म्हणाला, फाइल फार मोठी आहे. मी आणखी एक जीबी मोकळा केला. कंप्युटर म्हणाला, फाइल फार मोठी आहे. बँकेच्या खिडकीवर एकच उत्तर तीनदा ऐकणाऱ्या माणसासारखा माझा आवाज चढायला लागला.

"फॅट३२ असेल," मुलगी मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली.

हे फॅट३२ म्हणजे ड्राइव्हवर फाइली कशा मांडायच्या याची १९९६ सालची पद्धत. त्यात प्रत्येक फाइलची लांबी ३२ बिटांच्या रकान्यात लिहितात आणि त्या रकान्यात मावणारा सर्वांत मोठा आकडा ४,२९,४९,६७,२९५. म्हणजे ४ जीबीला एक बाइट कमी. कोठार केवढंही असो, एका पोत्यात याहून जास्त माल भरायचा नाही. आमचं पोतं सव्वापाचाचं.

"मग काय करू?"

"एनटीएफएसमध्ये फॉरमॅट कर."

एनटीएफएस ही विंडोजची पद्धत, आणि फॉरमॅट करणं म्हणजे ड्राइव्ह पुसून कोरा करून नव्या पद्धतीने मांडणं. केला. व्हिडिओ त्यावर गेला. अकरा पावलं चालून मी पेनड्राइव्ह अशा थाटात हातात दिला, की जणू मीच तो शोधून काढलाय. लॅपटॉपवर व्हिडिओ दिसला, चाललाही. बायकोने तो आपल्याकडे उतरवून घेतला आणि दोन तास बसून माझी बरीचशी बडबड कापून टाकली. कापलेला व्हिडिओ परत पेनड्राइव्हवर ठेवायला गेली, तर मॅक ठेवूच देईना. एनटीएफएस त्याला वाचता येतं, आपणहून लिहिता येत नाही. वस्तुसंग्रहालयातल्या पाटीसारखं: पाहा, हात लावू नका.

"थांब, मी करते," म्हणून तिने पेनड्राइव्ह मॅकच्या पद्धतीने फॉरमॅट केला. त्या पद्धतीचं नाव एपीएफएस. कापलेला व्हिडिओ त्यावर टाकला आणि लॅपटॉपवर जागा कमी आहे म्हणून तिथली प्रत लगेच उडवली. मी अकरा पावलं परत आलो, पेनड्राइव्ह लावला. विंडोजला एपीएफएस ओ की ठो कळत नाही. पण कळत नाही असं सरळ सांगेल तर तो कंप्युटर कसला! त्याने विचारलं, ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, करू का?

मी 'हो' म्हणालो. गेले चार दिवस मी फॉरमॅटच करत होतो. हात बसला होता.

त्यानंतर दोन्ही खोल्यांमध्ये जे बोलणं झालं ते कुठल्याच रकान्यात मावणार नाही. माझ्याकडे मूळ व्हिडिओ होता म्हणून निभावलं. तिचे दोन तास गेले, माझी कापलेली बडबड परत आली. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. इथे पाहुणा मजेत होता, दोन्ही घरं उपाशी.

"एक्सफॅट करायचं ना," मुलगी म्हणाली. एक्सफॅट २००६ मध्ये आलं, अशा इकडून तिकडे फिरणाऱ्या ड्राइव्हसाठीच. चार जीबीची अट नाही, विंडोज लिहितो, मॅकही लिहितो.

"हे तू पहिल्या दिवशी का नाही सांगितलंस?"

"दोन्हीकडून लिहायचंय हे तू कुठे सांगितलंस, बाबा?"

खरंच नव्हतं सांगितलं. मी सगळ्यांना एकच विचारत होतो, किती जीबीचा घेऊ?

मग ठरलं, जुन्या पेनड्राइव्हचे लाड पुरे, नवीन काहीतरी घ्यायचं. फिरत्या तबकडीची हार्डडिस्क नको, कारण तिच्या आत चक्रं फिरतात आणि माझ्या हातून वस्तू पडतात. एसएसडी म्हणजे चिपांवर साठवणारी डिस्क, तिच्यात हलणारं काही नसतं. तिथवर सोपं होतं. पुढे यूएसबीची नावं आली. २००८ मध्ये यूएसबी ३.० आलं, सेकंदाला ५ गिगाबिट. त्याचंच पुढे ३.१ जेन १ झालं आणि मग ३.२ जेन १. वेग तोच, फक्त बारसं तीनदा. मी तिन्ही नावांची तुलना करत एक अख्खी संध्याकाळ घालवली आणि मधलं मला त्यातल्या त्यात भरवशाचं वाटलं, हे इथे कबूल करतो.

१ टीबीची एसएसडी आली. माझ्या कंप्युटरला लावली, तर ९३१ जीबी. बायकोच्या लॅपटॉपला लावली, तर पूर्ण १ टीबी. "तुझ्याकडे आली की ६९ जीबी कुठे जातात?" बायकोने विचारलं. बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात, मॅकही तसाच मोजतो, विंडोज मात्र १०२४ च्या पटीत, हे मी तिला कागदावर गुणाकार करून दाखवलं. गुणाकार बरोबर होता. तिचा संशय गेला नाही.

वेगही कुठे दिसेना. मग कळलं, मी ती पुढच्या जुन्या यूएसबी २.० पोर्टला लावली होती. सेकंदाला ४८० मेगाबिट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे आठाने भागून ६० एमबी, तेही कागदावर. यूएसबी ३ चं निळं पोर्ट मागच्या बाजूला. तिथे पोचायला टेबलाखाली शिरावं लागतं. डिस्क काढतानाही तेच. वर येऊन 'सुरक्षित काढा' दाबलं, तर उत्तर आलं, डिस्क वापरात आहे. कोण वापरतंय? सांगत नाही. मी तर टेबलाखाली होतो! खसकन ओढायचीही सोय नाही, कारण एक्सफॅट अर्धवट राहिलेल्या कामाची नोंदवही ठेवत नाही.

काही दिवसांनी प्रत्येक फोटोशेजारी त्याच्याच नावाची, पुढे टिंब आणि खाली रेघ असलेली एक चिमुकली फाइल दिसायला लागली. मॅक आपल्या खासगी नोंदी अशा ठेवून जातो. मी त्या पुसतो, तो पुन्हा ठेवतो. तक्रार नाही. व्हिडिओ दुसऱ्यांदा कापून झाला, इकडे आला, मोठ्या पडद्यावर बघूनही झाला. माझी बडबड या वेळी पहिल्यापेक्षा जास्त कापली गेली होती.

आता सगळं सुरळीत चालू होतं. त्या भरात जागा मोकळी करायची म्हणून मी माझ्याकडचे सहलीचे फोटो आणि व्हिडिओ उडवले. डिस्कवर होतेच की! बायकोनेही तिच्याकडचे उडवले, त्याच कारणाने.

"आणि डिस्कचा बॅकअप?" मुलगी म्हणाली. या वेळी मान मोबाइलमधून वर काढून.

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग मी उठलो आणि खण उघडला. सुटं टोपण सगळ्यांत वर होतं.