टोपली रिकामी निघाली म्हणून

मागच्या आठवड्यात आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मावसभावाचा लांबलचक मेसेज आला. ताम्हिणी उतरून, माणगाव-म्हाप्रळ-मंडणगड करत सहकुटुंब रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला कासव महोत्सवाला, म्हणजे वाळूतून निघालेली कासवाची पिल्लं समुद्रात जाताना बघायला, गेला होता. दोन दिवसांत चार वेळा पुळणीवर जाऊन उभे राहिले, पिल्लं दिसली तीन. तीही एकाच वेळेला, पुढे उभ्या असलेल्या कुणाच्या तरी टोपीआडून. "नुसती जाहिरातबाजी आहे, त्यापेक्षा मुलांना मत्स्यालयात नेलं असतं," असा समारोप. खाली सहा अंगठे. त्यातला एक माझ्या आईचा.

उत्तर चार वेळा टाइप केलं, चार वेळा खोडलं. ग्रुपवर लिहिलं तर दिवाळीपर्यंत पुरेल, म्हणून इथे लिहिते.

आधी कबुली. काही वर्षांपूर्वी मीही अशीच फुरंगटून बसले होते. माझं माहेर चिपळूणकडचं, तरी वेळास पहिल्यांदा पाहिलं ते पुण्याची पर्यटक म्हणून. पहिल्या संध्याकाळी कासवमित्राने, म्हणजे घरट्यांची राखण करणाऱ्या गावकऱ्याने, जाळीच्या कुंपणात जाऊन घरट्यांवरची एकेक टोपली उचलली, खाली वाळूच. दुसऱ्या सकाळीही तेच. मी त्याला गाठून विचारलं, "उद्या तरी नक्की निघतील ना?" तो म्हणाला, "ताई, आत काय चाललंय ते मलापण दिसत नाही." मला ते तेव्हा टोलवाटोलवीचं उत्तर वाटलं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं मागचं. चिपळूणची 'सह्याद्री निसर्ग मित्र' ही संस्था, भाऊ काटदरे आणि त्यांची मंडळी. 2002 साली ते समुद्र गरुडाच्या घरट्यांची पाहणी करत किनाऱ्याने फिरत होते आणि वेळासच्या वाळूत त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. म्हणजे ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवांच्या माद्या आपल्या किनाऱ्यावर येत होत्या, अंडी घालत होत्या, आणि ती अंडी माणसं उकरून नेत होती. विकायला, खायला. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला प्राणी, पण रात्री दोन वाजता पुळणीवर अनुसूची कोण वाचतंय!

संस्थेचं मोठेपण मला दिसतं ते पुढच्या पायरीत. ते गावात जाऊन बसले. अंडी कुठे मिळतात हे ज्यांना पक्कं माहीत होतं, त्यांनाच राखणीच्या कामात घेतलं. पावलांचा माग, वाळूचा पोत, कुठे खणलं असेल याचा अंदाज हे सगळं ज्ञान आधीपासून गावात होतं, त्याचा उपयोग फक्त फिरवला. 2006 साली महोत्सव सुरू केला आणि पाहुणे उतरवले गावकऱ्यांच्या घरांत, किनाऱ्यावर हॉटेल न बांधता. पडवीत गाद्या, केळीच्या पानावर मोदक, पैसे थेट त्या घरात. पुढे हे काम वनखात्याकडे आणि गावच्या मंडळींकडे गेलं, किनाऱ्यावरच्या इतर गावांतही पसरलं. आपण वाढवलेलं काम दुसऱ्याच्या हाती देऊन बाजूला होणं किती संस्थांना जमतं? आमच्या सोसायटीच्या गणेश मंडळाचे अध्यक्ष 19 वर्षं तेच आहेत.

आता त्या रिकाम्या टोपलीकडे येते.

मादी येते रात्री, साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात. ओडिशाला गहिरमाथ्याला लाखांनी येतात तसं आपल्याकडे नाही, इथे एखाददुसरी, कधी येईल त्याचा नेम नाही. म्हणून कासवमित्राला रोज चालावं लागतं, थंडीत, पहाटेच्या अंधारात, पूर्ण किनारा. ट्रॅक्टर गेल्यासारखा माग दिसला की तो धरून वर जायचं, घरटं शोधायचं. दीडेक फूट खोल, तोंडाशी अरुंद आणि खाली फुगीर, सुरईसारखा खड्डा. त्यात शंभरच्या आसपास अंडी. ती हॅचरीत, म्हणजे त्या जाळीच्या कुंपणात, हलवायची असतील तर काही तासांतच हलवावी लागतात, कारण नंतर गर्भ कवचाला आतून चिकटतो आणि अंडं उलटसुलट झालं तर मरतो. हॅचरीत पुन्हा तसाच, तेवढाच खोल खड्डा हाताने खणायचा. खोली चुकली की तापमान चुकतं, आणि तापमानावर ठरतं पिल्लू नर की मादी. वाळू जास्त तापली तर माद्याच माद्या.

मग 45-55 दिवस वाट. पिल्लं फुटायच्या बेताला आली की वर टोपली. मी पाहिली ती टोपली म्हणजे या सगळ्याचं शेवटचं पान, आणि माझी तक्रार होती की पान कोरं आहे.

मला खरी भीती वेगळीच वाटते. उद्या मावसभावासारखे दोन हजार लोक म्हणाले की आम्हाला पिल्लू दिसलंच पाहिजे, तर ती सोय करणं अजिबात अवघड नाही. रात्री निघालेली पिल्लं टबात ठेवायची, सकाळी गर्दी जमली की सोडायची. फोटो झकास, रिव्ह्यू पाच तारे. पण पिल्लू वाळूतून वर येतं तेव्हा त्याच्या पोटात बलकाची थोडीशी शिदोरी असते आणि अंगात पोहत सुटायचा जोर. किनाऱ्याजवळच्या खाणाऱ्या तोंडांपासून लांब जायला तेवढंच भांडवल. ते टबाच्या कडेला धडका मारण्यात संपलं, तर आपण टाळ्या वाजवत दमलेलं पिल्लू समुद्रात सोडतो. हजारात एखादंच मोठं होतं म्हणतात, त्यात ही आपली भर. त्यामुळे "नक्की निघतील का" या प्रश्नाला जिथे "माहीत नाही" असं उत्तर मिळतं, तिथेच मी पुन्हा जाईन. हमी देणाऱ्याकडे नाही.

हॅचरीसुद्धा काही आदर्श गोष्ट नाही, हेही बोलून टाकते. अंडी आईने घातली तिथेच राहणं सर्वांत चांगलं, आणि जिथे राखण होऊ शकते तिथे घरटं जागेवरच जाळीने झाकायचा मार्ग आहे. पण मग पर्यटकांसाठी एका जागी सगळ्या टोपल्या मिळणार नाहीत. गावाची मिळकत आणि कासवाचं हित नेहमी एकाच दिशेला चालतं असं समजण्याइतकी मी भाबडी नाही. आत्तापर्यंत चाललं, यात गावाचं शहाणपण आहे.

आणि परतफेड दिसायला किती काळ लागतो पाहा. ऑलिव्ह रिडले अंडी घालण्याजोगी व्हायलाच बारा-पंधरा वर्षं जातात. पहिल्या महोत्सवात समुद्रात गेलेली एखादी वाचली असेल तर ती गेल्या काही वर्षांतच कुठे आई होऊन येऊ लागली असेल. 2022 च्या सुरुवातीला कोकणात पाच माद्यांच्या पाठीवर उपग्रह टॅग बसवले, त्यातली पहिली वेळासची, नाव प्रथमा. पुढच्या वर्षी गुहागरहून निघालेली बागेश्री श्रीलंकेला वळसा घालून थेट बंगालच्या उपसागरात पोचली. आणि 2025 च्या जानेवारीत उलटं घडलं. 2021 मध्ये ओडिशात टॅग लावलेली एक मादी गुहागरला अंडी घालताना सापडली. पूर्वेची कासवं वेगळी, पश्चिमेची वेगळी असं धरून चाललो होतो, त्या समजाला तिने एकटीने धक्का दिला. पहाटे कुणीतरी चालत होतं म्हणून ती दिसली, नाहीतर पत्ताही लागला नसता.

एक खंत आहे. कासवाला निदान टोपली तरी आहे. 'सह्याद्री निसर्ग मित्र'नेच खवले मांजराचं काम हाती घेतलं आहे. खवले मांजर रात्री बाहेर पडतं, मुंग्या-वाळवी खातं, घाबरलं की गोळा होऊन बसतं. तो गोळा उचलून पोत्यात घालणं शिकाऱ्याला फारच सोपं. आपल्या नखांत असतं त्याच केराटिनच्या खवल्यांसाठी त्याचा जीव जातो. एका वेळेला एकच पिल्लू होतं, म्हणजे गेलेलं भरून निघत नाही. याचा महोत्सव कसा करणार? दाखवायला काहीच नाही! तरी चिपळूण तालुक्यातल्या डुगवे गावाने खवलोत्सव केला, खवले मांजराची प्रतिकृती पालखीत घालून नाचवली. शिमग्याला देव नाचवणाऱ्या माणसांना हे सुचलं यात मला नवल वाटत नाही, पण कुठल्याही जनजागृतीच्या पोस्टरपेक्षा ते शंभर पटीने पटलं. देणगी द्यायची तर मी आता अशा कामाला देते, ज्यात मला बघायला काही मिळणार नाही. कासवांना आपल्यासारखे प्रेक्षक पुष्कळ आहेत.

मावसभावाला एक विचारायचं आहे. तिसऱ्या दिवशी सकाळी, तुम्ही निघाल्यावर, किती पिल्लं निघाली हे त्याने गावात फोन करून विचारलं का? मी त्या वर्षी विचारलं नव्हतं.

यंदा पुन्हा जायचं ठरवलंय, आईला घेऊन. ज्यांच्याकडे तेव्हा उतरले होते त्या काकूंना काल फोन केला. सवयीने तोंडातून गेलंच, "काकू, त्या तारखांना पिल्लं निघतील का हो?"

काकू म्हणाल्या, "पिल्लांचं मी कशी सांगू? मोदकांचं सांगते. तुम्ही किती माणसं?"