दुष्काळाला वरदान म्हणणाऱ्यांना

गेल्या पंधरवड्यात एकच मजकूर मला तीन ग्रुपवर आला. वर्गमित्रांच्या, शिक्षकांच्या आणि आमच्या भावकीच्या. मजकूर असा: "माणसाला मातीच घडवते. माणदेशानं दुष्काळ सोसला म्हणून तिथली पोरं फौजदार-कलेक्टर झाली, गलाईवाले देशभर पसरले. कृष्णाकाठाला आयतं पाणी मिळालं, तिथं आळस आला. साताऱ्याच्या रक्तात लढाई, सांगलीच्या मातीत कला. दुष्काळ हे माणदेशाला मिळालेलं वरदान आहे." खाली जोडलेले हात.

कौतुक आहे म्हणून लोक पुढं ढकलतात. माणदेश म्हणजे सातारा, सांगली, सोलापूर या जिल्ह्यांतला कोरडा पट्टा. मी विट्याच्या बाजूचा, आमच्या घरातली माणसं गलाईत, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात, गेलेली. मला हे वाचून वाईट वाटलं, आणि शेवटच्या ओळीनं तर संतापच आला. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"दुष्काळानं गलाईवाले घडवले." दुष्काळानं माणसं गावाबाहेर काढली, एवढं खरं. पण बाहेर पडून करायचं काय, हे काही दुष्काळानं सांगितलं नाही. खानापूर-आटपाडीचा माणूस सोनं-चांदी गाळायला गेला. तितकाच कोरडा जत तालुका, तिथला माणूस कोयता घेऊन उसाच्या फडात गेला. धनगर मेंढरं घेऊन चाऱ्याच्या मागं फिरत राहिला. पाऊस सगळ्यांना सारखाच कमी, धंदे मात्र वेगळे. कारण आमच्याकडचा कुणीतरी आधी गेला होता, भट्टी शिकला होता. त्यानं भाच्याला नेलं, भाच्यानं मेहुण्याला. गावात शेत पिकत नव्हतं, पण परमुलखात उतरायला एक ओळखीचं दार होतं. जतच्या पोराला ते दार नव्हतं. त्याच्या दारात मुकादम आगाऊ पैशांची उचल घेऊन उभा होता.

आणि त्या दाराच्या आत काय होतं, तेही सांगतो. माझे थोरले चुलते चौदाव्या वर्षी दक्षिणेत गेले. दहा बाय दहाची खोली, वर पत्रा, कोपऱ्यात भट्टी. सराफाकडचं जुनं सोनं मुशीत वितळवायचं, तेजाबात, म्हणजे जहाल ॲसिडात सोडायचं, चोख करून परत द्यायचं. तेजाबात माल पडला की तांबूस धूर उठतो. त्या धुरातच जेवायचं आणि तिथंच अंथरूण टाकायचं. चुलते यात्रेला गावी आले की आम्ही पोरं त्यांच्या भोवती गोळा व्हायचो, खाऊसाठी. त्यांच्या बोटांची टोकं पिवळी पडलेली असत, हळद लावल्यासारखी. चुलती ती बोटं खोबरेल लावून चोळत बसायची. डाग जायचा नाही. रात्री माडीवरून त्यांचा खोकला ऐकू यायचा. गावात पुढं उभा राहिलेला बंगला सगळ्यांना दिसतो आणि मजकूर लिहिणाऱ्यालाही तोच दिसला. ज्यांच्या वाट्याला खोकला आला, बंगला आला नाही, असेही पुष्कळ आहेत. 1972 ला जनावरं बाजारात मातीमोल विकून खडी फोडायला बसलेल्या बायकांना त्या दुष्काळानं काय घडवलं, हेही कुणी लिहावं.

"दुष्काळामुळं अधिकारी झाले." मग मला एक सांगा, दुष्काळ काय काल आला? दुर्गादेवीच्या दुष्काळाची आठवण आपल्याकडं शतकानुशतकं सांगितली जाते. 1876 ला पुन्हा देश होरपळला. तेव्हा का नाही माणदेशातून अधिकारी निघाले? निघाले ते शाळा आल्यावर. 1919 साली कराडजवळच्या काले गावात भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली, 1924 ला साताऱ्यात वसतिगृह सुरू झालं. सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसली, राबून शिकली. वसतिगृह चालावं म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. रानातल्या पोराला पाटी मिळाली ती अशी, कुणीतरी आणून दिली म्हणून.

हेच भाऊराव त्याआधी काय करत होते? ओगलेवाडीचे कंदील आणि किर्लोस्करांचे नांगर खपवत गावोगाव फिरत होते. हे दोन कारखाने या भागात कसे आले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावातली जागा सोडावी लागली. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडलजवळचा माळ दिला, 1910 ची गोष्ट. निवडुंग आणि साप, दुसरं तिथं काही नव्हतं. पण शेजारून रेल्वे गेलेली होती आणि पाठीशी राजा होता. असले माळ आपल्याकडं शेकड्यांनी आहेत. कारखाना उभा राहिला तो राजानं शब्द दिला त्या माळावर. 1916 चा ओगल्यांचा काच कारखानाही औंधच्याच आधारानं उभा राहिला. लोखंडी नांगरानं जमीन नासते असं म्हणणारा शेतकरी आणि तो नांगर विकत घेणारा शेतकरी एकाच मातीतले. मधल्या काळात कुणीतरी बांधावर जाऊन, नांगर चालवून दाखवला होता.

"रक्तात लढाई." यावर फार लिहीत नाही. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंग्यात घरटी सैनिक आहे, पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे 46 जवान गेले. रक्तानं कुणी भरती होत नाही. बाप पलटणीत असला की पोराला भरतीची तारीख कळते, पळायची सवय लागते, पेन्शनचा भरवसा दिसतो. आणि लढाऊ जात, बिगरलढाऊ जात ही विभागणी इंग्रजांनी भरतीच्या सोयीसाठी वापरली. आपण ती अजून का मिरवावी?

"कृष्णाकाठ आळशी." कुंडल कुठं आहे? वाळवा कुठं आहे? नाना पाटलांचं येडेमच्छिंद्र कुठं आहे? 1942 नंतर इंग्रजांच्या नाकावर टिच्चून प्रतिसरकार, म्हणजे स्वतःचं समांतर सरकार, चालवलं ते याच कृष्णाकाठच्या गावांनी. प्रतिसरकारच्या शिक्षेत पायाला पत्र्या ठोकल्या जातील या भीतीनं गावगुंड जिथं चळाचळा कापत होते, त्या मुलखाला आळशी म्हणताना जरा विचार करावा.

"सांगलीच्या मातीत कला." या वाक्यावर माझा खरा जीव अडकलाय, कारण मिरजेतल्या सतारीच्या गल्लीत मी अनेकदा जाऊन बसतो. सतारीचा भोपळा मिरजेच्या मातीत येत नाही, तो पंढरपूरच्या बाजूनं येतो. लाकूडही बाहेरचं. मिरजेचं असतं ते फक्त हात. हे हात शिकलगारांचे. तलवारींना धार लावणारी, हत्यारं दुरुस्त करणारी ही घराणी. संस्थानांच्या लढाया संपल्या, हत्यारांचं काम गेलं, तेव्हा एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब वगैरे कारागीर तंतुवाद्यांकडं वळले. संस्थानिकाला गाण्याचा शौक, दर्ग्यात गवयांची ये-जा, म्हणजे गिऱ्हाईक दारात. पुढं मोठे गवई अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले. तेही उत्तरेतल्या कैरान्याचे.

जवारी काढताना, म्हणजे सूर खुलावा म्हणून तारा टेकतात ती घोडी घासताना, एकदा बघा. कारागीर घोडीवर कानस एकदाच फिरवतो, तार चढवतो, छेडतो, कान खाली नेतो. पुन्हा तार उतरवतो, पुन्हा कानस. अर्धा तास हेच. तारेचा सूर मोकळा झाला की मग मान वर करतो. लोखंडाला धार देताना पाजळणाऱ्या बोटांना जे कळत होतं, ते इथं कामाला आलं असावं असं मला नेहमी वाटतं. 2024 ला मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, ते या बोटांना मिळालं असं मी मानतो.

नाटकाचंही तसंच. कर्नाटकातून भागवत मंडळी सांगलीत खेळ करून गेली, सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांनी विष्णुदास भाव्यांना आपल्याकडं तसं काही करायला सांगितलं, आणि 1843 ला 'सीतास्वयंवर' झालं.

मातीचा वाटा मी नाकारत नाही. तासगावचा बेदाणा कोरड्या हवेशिवाय वाळत नाही, सांगलीजवळच्या हरिपूरची पेवं, म्हणजे हळद साठवायची जमिनीखालची कोठारं, तिथल्याच जमिनीत टिकली आणि त्यांच्यावर हळदीची पेठ वाढली. पण 2005 च्या महापुरात पेवांत पाणी गेलं, तरी पेठ मोडली नाही. मराठवाड्यातून, तेलंगणातून हळद येत राहिली, कारण अडत, तोलाई, व्यापाऱ्याची पत हे सगळं इथं पिढ्यान्‌पिढ्या बसलेलं होतं.

राहिलं "वरदान". हा शब्द तेवढा मजकुरातून काढा, अशी माझी हात जोडून विनंती आहे. आटपाडीच्या पाणी परिषदेत 1993 पासून माणसं वर्षानुवर्षं बसली ती वरदान परत करायला नव्हे, हक्काचं पाणी मागायला. कराडजवळच्या टेंभूतून कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्यानं वर चढवलं, तेव्हा कुठं आमच्या बाजूचे ओढे उन्हाळ्यात ओले दिसले. पाणी आल्यावर आळशी झालेला एकही माणूस मला भेटलेला नाही. थोरल्या चुलत्यांचा मुलगा दक्षिणेतली भट्टी दुसऱ्याला देऊन गावी आलाय. दोन एकर डाळिंब लावलंय. मजकूर भावकीच्या ग्रुपवर पडला तेव्हा त्यानं काही लिहिलं नाही, बागेला पाणी सुटल्याचा फोटो टाकला. फोटोच्या कडेला त्याचा हात आलाय, बोटांची टोकं अजून पिवळी आहेत.