सदाफुली चघळून ब्लड कॅन्सर बरा होत नाही

माझ्या मावसबहिणीच्या सहा वर्षांच्या मुलाला ल्युकेमिया, म्हणजे ब्लड कॅन्सर आहे, केमो चालू आहे. परवा सासरच्या ग्रुपवर तिला मेसेज आला: 'सदाफुलीची सात पानं रोज उपाशीपोटी चावा, चाळीस दिवसांत ब्लड कॅन्सर मुळापासून जातो. केमोचं औषध याच झाडाचं, कंपन्या लपवतात. केमोने मूल खंगतं.' तिने मला विचारलं, "दादा, देऊन बघू का?"

नाही. अजिबात नाही.

झाडाचं तेवढं खरं आहे. केमोतलं व्हिन्क्रिस्टीन हे औषध सदाफुलीतूनच मिळालं. पण लपवलंय कुणी? 1963 साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली, आणि ते कुठल्या झाडाचं हे औषधशास्त्राच्या पुस्तकांत छापलेलं आहे.

आता सात पानं. एक ग्रॅम व्हिन्क्रिस्टीनला सुमारे 500 किलो वाळलेला पाला लागतो. एवढ्या मुलाचा एक डोस साधारण सव्वा मिलिग्रॅम, म्हणजे अर्ध्या किलोहून जास्त पाला, तोही कारखान्यात शुद्ध केलेला. मग पानं वाढवायची का? मुळीच नाही! त्यात इतरही कितीतरी विषारी द्रव्यं असतात, काही साखर उतरवणारी. शिवाय हे औषध तोंडावाटे भरवशाने शोषलं जात नाही, म्हणून फक्त शिरेतून देतात. शिरेबाहेर गळलं तर आतलं मांस सडतं. मणक्यातल्या पाण्यात द्यायच्या दुसऱ्या इंजेक्शनशी गल्लत होऊन चुकून तिथे गेलं तर जीव जातो. असे मृत्यू झाल्यावर जागतिक आरोग्य संघटनेने 2007 मध्ये इशारा दिला, की ते सिरिंजने नको, छोट्या सलाईनच्या पिशवीतून द्या. ज्या औषधाला इतकं जपावं लागतं, ते कुंडीतून खुडून द्यायचं? आणि जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा काउंट तळाला गेलेल्या पोराला कच्चा पाला?

पण सगळ्यात घातक आहेत ते 'चाळीस दिवस'. साधारण तेवढ्यातच केमोचा पहिला टप्पा संपतो. बहुतेक मुलांच्या मॅरोतले (हाडांतल्या मगजातले) ब्लास्ट, म्हणजे कच्च्या रोगट पेशी, 5 टक्क्यांखाली येतात, ताप जातो, मूल खेळायला लागतं. श्रेय पानांना मिळतं आणि घरचे केमो सोडतात. निदानाच्या वेळी शरीरात एक लाख कोटीच्या आसपास रोगट पेशी असू शकतात. शंभरातल्या नव्व्याण्णव मेल्या तरी हजार कोटी उरतात, आणि रिपोर्ट मात्र स्वच्छ दिसतो. म्हणून उपचार दोन-अडीच वर्षं चालतात. एकटं व्हिन्क्रिस्टीन, इंजेक्शनने दिलं तरी, पुरत नाही. सोबत स्टेरॉइड, ॲस्परॅजिनेज, मेथोट्रेक्सेट, मर्कॅप्टोप्युरिन लागतं. साठच्या दशकाच्या सुरुवातीला दहातलं एखादं मूलही मुश्किलीने वाचायचं. आज चांगल्या केंद्रांत दहातली आठ-नऊ वाचतात, ती या सगळ्या औषधांच्या जोडीने.

केमोचा त्रास होतो, हेही खरं. व्हिन्क्रिस्टीनने जबडा दुखतो, पाय कमजोर होतात. त्यावर उपाय आहेत, गरज पडली तर डॉक्टर डोसही बदलतात. चालताना मुलाचं पाऊल फरशीवर आपटायला लागलं किंवा दोन दिवस शी झाली नाही, तर पुढच्या तारखेची वाट न बघता वॉर्डात फोन करा.