मारुती ८०० : रक्त जपानीच

‘मारुती ८०० म्हणजे संजय गांधींनी घडवलेली शंभर टक्के स्वदेशी मोटार. तिच्याआधी मध्यमवर्गाला गाडी ठाऊकच नव्हती. २०१४ साली सरकारने नियम काढून ती बंद पाडली.’ व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या या मजकुरात तीन दावे आहेत आणि तिन्ही लंगडे.

संजय गांधींना १९७० मध्ये वर्षाला ५०,००० छोट्या गाड्या बनवण्याचं इरादापत्र मिळालं होतं, हे खरं. गाडी संपूर्ण देशी हवी, अशी अट होती. गुडगावात कारखाना उभा राहिला, पण गाडी काही बाजारात आली नाही. १९७८ मध्ये न्यायालयाने कंपनी अवसायनात काढली, म्हणजे बंद करून तिची मालमत्ता विकायला काढली. जून १९८० मध्ये संजय विमान अपघातात गेले. सरकारी ‘मारुती उद्योग’ स्थापन झाली १९८१ मध्ये आणि जपानच्या सुझुकी कंपनीशी करार झाला ऑक्टोबर १९८२ मध्ये. म्हणजे नाव आणि जागा संजय यांची, गाडी नव्हे. गोंधळ होतो त्यालाही कारण आहे. पहिल्या गाडीची चावी इंदिरा गांधींनी ग्राहकाला दिली ती १४ डिसेंबर १९८३ रोजी, संजय यांच्या जन्मदिनी.

आता ‘स्वदेशी’. पहिली ८०० म्हणजे सुझुकीची फ्रॉन्टे. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, पुढच्या चाकांना ताकद, सगळं तिकडचं. सुरुवातीला तर सुटे भाग जपानहून यायचे आणि इथे फक्त जुळणी व्हायची. १९८६ ची नवी, गोलसर ८०० सुद्धा सुझुकीच्या अल्टोवरूनच आली. अभिमान बाळगायचाच तर तो पुढच्या कामाचा बाळगावा: टप्प्याटप्प्याने भाग इथेच बनू लागले, पुरवठादारांचे कारखाने उभे राहिले, आणि आजचा आपला वाहनउद्योग बराचसा त्याच पायावर उभा आहे. फॉरवर्डात नेमकं हेच नाही.

मध्यमवर्गाला गाडी ठाऊक नव्हती? मुंबईकराला तरी हे सांगू नका. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियरची फियाट, पुढची पद्मिनी, कुर्ल्यातच बनायची. अडचण होती ती नंबर लावून वर्षानुवर्षं थांबण्याची.

राहिला शेवट. एप्रिल २०१० मध्ये तेरा शहरांत भारत स्टेज-४, म्हणजे गाडीच्या धुरातल्या प्रदूषणाची कडक मर्यादा, लागू झालं. ८०० त्यात बसवायची नाही, हे कंपनीनेच ठरवलं. बाकी देशासाठी ती जानेवारी २०१४ पर्यंत बनत राहिली. तोवर गिऱ्हाईक तिच्याच घरातल्या, २००० साली आलेल्या अल्टोकडे कधीच वळलं होतं.