सिगार ओढली म्हणून काढलं, एवढंच?

‘टेक अ जायंट स्टेप’ (१९५९) या चित्रपटाबद्दल एक मत या मोबाइलवरून त्या मोबाइलवर फिरतंय. म्हणे वर्णद्वेष अमेरिकेच्या दक्षिणेतला, उत्तरेत तो नव्हताच. चित्रपटाचा नायक, काळा शाळकरी पोरगा स्पेन्सर स्कॉट तर खात्यापित्या घरचा, गोऱ्यांच्या वस्तीत वाढलेला. त्याला कुणी बोटही लावत नाही. शाळेतून काढतात ते सिगार ओढली म्हणून. मग रडगाणं कसलं?

सिगारपासूनच सुरुवात करू. ओढली हे खरं, तीही शाळेच्या संडासात. पण त्याआधी वर्गात काय घडलं ते या मेसेजात सोयीनं गाळलंय. अमेरिकेतलं यादवी युद्ध (गुलामगिरीवरून पेटलेलं, उत्तर विरुद्ध दक्षिण) शिकवताना बाई सांगतात की गुलामांनी स्वतःच्या सुटकेसाठी काही केलं नाही, उत्तरेनंच त्यांना सोडवलं. स्पेन्सर वाद घालतो, तणतणत बाहेर पडतो, आणि सिगार पेटते ती त्यानंतर. बरं, पोरगा चुकला होता का? उत्तरेच्या फौजेत सुमारे १ लाख ८० हजार काळे सैनिक होते. जून १८६३ मध्ये साउथ कॅरोलिनात कंबाही नदीवरच्या छाप्यात वाट दाखवायला हॅरिएट टबमन होती, एकेकाळी स्वतः गुलाम असलेली बाई. त्या एका रात्रीत सातशेहून जास्त माणसं सुटली. बाईंच्या धड्यात यातलं काहीच नाही, आणि शाळेच्या लेखी गुन्हा मात्र एकच.

आता ‘उत्तरेत नव्हतं’. मूळ नाटक लिहिणारा लुई पीटरसन कनेक्टिकटमधल्या हार्टफर्डचा. गोष्टही न्यू इंग्लंडमधली, म्हणजे थेट ईशान्येकडची. १९५३ मध्ये ब्रॉडवेवर, न्यूयॉर्कच्या नामांकित रंगभूमीवर, ते आलं तेव्हा स्पेन्सर झाला होता १७ वर्षांचा लुई गॉसेट. पडद्यावर ती भूमिका जॉनी नॅशनं केली. (हाच नॅश पुढे गायक म्हणून गाजला, १९७२ मध्ये त्याचं गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होतं.)

पैशाचं म्हणाल तर चित्रपटाच्या दोनच वर्षं आधीचं लेव्हिटाउन आठवा, उत्तरेतल्याच पेनसिल्व्हेनिया राज्यातली वसाहत. ती बांधणारा बिल्डर विल्यम लेव्हिट आपल्या वसाहतींतली घरं काळ्यांना विकत नसे. ऑगस्ट १९५७ मध्ये बिल आणि डेझी मायर्स या काळ्या जोडप्यानं तिथलं एक घर आधीच्या मालकाकडून घेतलं. नवरा दुसऱ्या महायुद्धातला माजी सैनिक, बायको शिकलेली, घर घ्यायची ऐपत. पहिल्याच दिवसांत घरासमोर जमाव जमला, दगडांनी काचा फुटल्या, राज्य पोलिस आणावे लागले. मागच्या घरावर दक्षिणेचा बंडखोर झेंडा लावून रात्री-अपरात्री मोठमोठ्यानं गाणी वाजवली जात. दक्षिणेचा झेंडा, पेनसिल्व्हेनियात! घरविक्रीत असा भेद करायला देशभर बंदी घालणारा कायदा यायला १९६८ उजाडलं.

राहिला मुद्दा ‘बोटही लावत नाही’ हा. इथे मेसेज लिहिणाऱ्यानं चित्रपट पाहिलाय की नुसता ऐकलाय, असा प्रश्न पडतो. दगड नाहीत, शिवीगाळही फारशी नाही, आणि गुदमरायला होतं ते त्यामुळेच. लहानपणापासून सोबत खेळलेली गोरी पोरं वयात येतात, बरोबर मुली यायला लागतात, आणि मुलींच्या आयांना स्पेन्सर नको असतो. भांडण कुणीच करत नाही. त्याला बोलावणं येत नाही, इतकंच. घरात आईवडीलही त्यालाच रागावतात, बाईंची माफी माग म्हणतात. त्याच्या बाजूनं उभी राहते फक्त आजारी आजी. आजी झालेली एस्टेल हेम्सली त्या प्रसंगात लेकीला-जावयाला जे काही सुनावते, ते ऐकून आपणही अंग चोरून बसतो.

चित्रपट निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. बारमधला भाग नाटकी वाटतो, आणि आजी गेल्यावर कथा घाईघाईनं गुंडाळली आहे. पण आई पोरांना पुन्हा घरी खायला बोलावते तो प्रसंग पाहा. तुटलेली मैत्री सांधायची तिची धडपड चाललेली असते. पोरं येतातही. आणि स्पेन्सर, अगदी गोड बोलून, यापुढे मला अभ्यासातून वेळ मिळणार नाही असं सांगून त्यांना वाटेला लावतो.