काळी तीनवाला संगीतकार

राम राम भाऊ,

अमेरिकन गीतकार-संगीतकार अर्व्हिंग बर्लिनवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही विचारलंत, ज्याला नोटेशन, म्हणजे कागदावर लिहिलेले सूर, वाचता येत नाही, एकाच पट्टीत वाजवता येतं, लिहून द्यायला पगारी माणूस लागतो, तो संगीतकार कसला? आणि जळगावात बसून त्याचं कौतुक कशाला?

आधी माझी चूक. त्याला 'उत्तम पियानोवादक' म्हणालो, ते साफ चुकलं. तो वाजवायचा एफ शार्पमध्ये, म्हणजे आपल्या पेटीची काळी तीन. पट्टी बदलायची तर पियानोचा खटका ओढायचा. त्या पियानोला तो लाडानं 'ब्यूक' म्हणायचा, मोटारीवरून! आमच्या भजनी मंडळातले पेटीवाले आबा स्केल चेंजर पेटी आल्यापासून दुसरं काय करतात? बुवांचा आवाज चढला की अख्ख्या पट्ट्याच सरकवतात, बोटं तिथल्या तिथं. त्यांना म्हणून बघा, वाजवता येत नाही म्हणून!

पगारी माणसाचं मात्र पटलं नाही. चालही बर्लिनची, शब्दही त्याचेच. मदतनीस ते कागदावर उतरवायचा, सोबतीचे स्वर वाजवून दाखवायचा. कानाला खटकलं की बर्लिन बदलायला लावायचा, मनातला स्वर सापडेपर्यंत. बहिणाबाईंच्या आसोद्याच्या शेजारी राहून तुम्ही हा आक्षेप घ्यावा? त्यांना अक्षरओळख नव्हती. मुलानं, सोपानदेवांनी, गाणी उतरवून घेतली, म्हणून ती सोपानदेवांची झाली का?

फरक आहे, कबूल. तिचं गाणं जात्यावरचं, याचा धंदा. १९०७ साली पहिल्या गाण्याचे जेमतेम काही सेंट हातात पडले, आणि १९१९ मध्ये गड्यानं स्वतःची प्रकाशन कंपनी काढली. तुम्हाला ती 'दुकानदारी' वाटते. मला नाही वाटत.

राहिलं कौतुक. १८९३ मध्ये पाच वर्षांचं पोर रशियातून न्यूयॉर्कला आलं, घरात यिडिश, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंची बोली. तेराव्या वर्षी बाप गेला, मग गुत्त्यांत गाणी म्हणत पोट भरलं. गिऱ्हाइकाची बोली तिथंच कानात बसली, आणि पुढे सिनेमातल्या गाण्यांतही तीच उतरली. घरात अहिराणी आणि बाजारात गुजराती बोलणाऱ्या, सुरतेला गेलेल्या आपल्या माणसांना हे वेगळं सांगावं लागत नाही.

ज्यू प्रार्थनागायकाच्या या मुलानं १९४२ च्या सिनेमासाठी लिहिलेलं नाताळगीत ऑस्कर घेऊन गेलं. समारंभात ते बक्षीस जाहीर करायला तोच उभा होता. पाकिटात निघालं स्वतःचंच नाव. तेवढं मात्र त्याला वाचता आलं.